हातात कट्यार, कानात सूर : आंतरद्वंद्व, नाट्यपद आणि व्हिडिओ गेमचे संगीत

१

अकोल्याच्या जुन्या शहरात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी दोन प्रकारचे संगीत एकाच गल्लीत ऐकू येते. गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन आलेल्या कावडी आणि पालख्या राजराजेश्वराच्या देवळाकडे निघालेल्या असतात. त्यांच्याबरोबरचा ढोल मोर्णेच्या पलीकडेही ऐकू जातो. त्याच गल्लीतल्या एखाद्या ओट्यावर, मिरवणुकीची वाट पाहत बसलेल्या मुलाच्या मोबाइलमधून दुसरे संगीत झिरपत असते. ते पुन्हापुन्हा त्याच जागी येणारे, पण त्या मुलाच्या बोटांच्या हालचालीबरोबर अकस्मात बदलणारे असे असते. पहिल्या संगीताचे काय करायचे, हे मराठीच्या अभ्यासकाला ठाऊक आहे. ते 'लोकसंस्कृती' या सदरात जाते. त्यावर प्रबंध लिहिता येतो, चर्चासत्र भरविता येते. दुसऱ्याचे काय करायचे हे ठाऊक नसल्यामुळे ते गोंगाट ठरते.

हा प्रश्न केवळ अभिरुचीचा असता, तर तो सोडून देता आला असता. परंतु तो सिद्धांताचा आहे. पात्राच्या मनात दोन प्रवृत्तींचा संघर्ष चालू असताना संगीताने नेमके काय करावे, या प्रश्नावर विचार करण्याची सामग्री मराठीत मुबलक आहे. नाट्यशास्त्रातील ध्रुवाविचार आहे, संगीत नाटकाची शतकाहून मोठी परंपरा आहे, मर्ढेकरांचा लयविचार आहे. एवढी सामग्री जवळ असताना व्हिडिओ गेमच्या संगीतासंबंधीचा विचार इंग्रजीकडे सोपवून स्वस्थ बसणे, याचा अर्थ आपल्याजवळची सामग्री फक्त स्मारकांसाठी राखून ठेवणे असा होतो. जो सिद्धांत नव्या कलाप्रकारापुढे उभा राहण्यास कचरतो, तो जुन्या कलाप्रकाराबाबतही केवळ पाठांतराने टिकून असतो. खरा धोका हा आहे.

२

व्हिडिओ गेमच्या संगीतात आंतरद्वंद्व व्यक्त होऊ शकत नाही, असे मानणाऱ्यांचे आक्षेप साधारणतः तीन आहेत. ते क्रमाने तपासले पाहिजेत.

पहिला आक्षेप पुनरावृत्तीचा. हे संगीत त्याच त्या धुनेच्या आवर्तनांचे असते, म्हणून त्यात मनाची गती पकडण्याचे सामर्थ्य नाही, असे म्हटले जाते. हा आक्षेप घेणाऱ्याने तबल्याचे एकलवादन कधी लक्षपूर्वक ऐकलेले नसावे. सारंगीवर किंवा हार्मोनियमवर धरलेला लेहरा एका आवर्तनाचा असतो आणि वादन संपेपर्यंत मूलतः तोच राहतो. त्याला कोणी दरिद्री म्हणत नाही, कारण तो मोजमापासाठी आहे. त्याच्या स्थिरतेवरच कायदा, रेला, तिहाई यांची हालचाल कळते. खेळणारा एकाच कड्यावरून वीस वेळा कोसळतो तेव्हा वीस वेळा तीच धून वाजते. परंतु विसाव्या वेळी ऐकू येणारी धून पहिल्या वेळची नसते. मधल्या काळात खेळणाऱ्याचा आत्मविश्वास, चीड, हट्ट आणि थकवा यांनी तिचा अर्थ बदलून टाकलेला असतो. शिवाय ही आवर्तने सर्वत्र अचल असतात हेही खरे नाही. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी केलेल्या 'स्पेस इनव्हेडर्स' या गेममध्ये अवघ्या चार खर्जातल्या स्वरांचे आवर्तन आहे. पडद्यावरचे शत्रू जसजसे कमी होतात तसतशी त्याची लय वाढते. खेळणारा जिंकत चालला आहे आणि त्याचा कान मात्र घाबरत चालला आहे! प्रस्तुत विषयाचे बीज त्या चार स्वरांतच आहे.

दुसरा आक्षेप कर्त्याच्या अभावाचा. कोणती धून केव्हा वाजणार हे खेळणाऱ्यावर अवलंबून असेल, तर रचनाकाराचा हेतू उरतो कोठे, असा प्रश्न विचारला जातो. वस्तुतः रचनाकार येथे धुनांइतकीच एका धुनेतून दुसरीत जाण्याच्या अटींची रचना करतो. अमेरिकेतील लुकासआर्ट्स या संस्थेत मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी तयार केलेली व्यवस्था १९९१ साली 'मंकी आयलंड २' या गेममध्ये प्रथम वापरली गेली. खेळणारा एका जागेतून दुसरीकडे गेला की संगीत खटकन न तुटता योग्य ठिकाणी वळण घेत असे. आणि अनिश्चित कालमर्यादेचे भय मराठी समीक्षकाला तरी वाटू नये. बालगंधर्वांच्या काळातील प्रेक्षक 'वन्स मोअर'च्या आरोळीने एका पदाची लांबी दुप्पट-तिप्पट करीत होता; तरीही त्या पदाला कर्ता नाही असे कोणी म्हटले नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गेममधील पात्र हे पात्रच नव्हे, ते खेळणाऱ्याच्या हातातील बाहुले आहे. ज्याला अंतरंग नाही त्याला आंतरद्वंद्व कोठून असणार, असा तो आक्षेप. त्याचे उत्तर लगेच देण्याजोगे नाही. त्यासाठी प्रथम 'अंतरंग' म्हणजे काय आणि संगीत त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, हे पाहावे लागेल.

३

नाट्यशास्त्राच्या बत्तिसाव्या अध्यायात भरताने ध्रुवांचा विचार केला आहे. ध्रुवा म्हणजे नाट्यप्रयोगात पात्राने नव्हे, तर गायकवृंदाने गावयाची गीते. त्यांचे पाच प्रकार आहेत. पात्राच्या प्रवेशाची प्रावेशिकी आणि निर्गमनाची नैष्क्रामिकी सर्वांना माहीत असतात. परीक्षेत त्यांच्यावर टीप लिहून विद्यार्थी मोकळे होतात. महत्त्वाच्या आहेत त्या मधल्या तीन. चालू असलेल्या भावाचा क्रम मोडून दुसऱ्या भावाची घुसखोरी घडवते ती आक्षेपिकी. त्या आघातानंतर मन पुन्हा निवळवते ती प्रासादिकी. पात्र मूर्च्छित, विषण्ण किंवा भ्रांत झाल्यामुळे प्रयोगात जी पोकळी पडते, ती भरून काढते ती अंतरा.

भरताने व्हिडिओ गेम आधीच सांगून ठेवला होता, असा दावा येथे करावयाचा नाही. तसले दावे अज्ञानाइतकेच निरुपयोगी असतात. मुद्दा वेगळा आहे. हे वर्गीकरण भावांच्या नावांवरून केलेले नाही. करुण ध्रुवा, वीर ध्रुवा असे हे पाच प्रकार नाहीत. प्रयोगाच्या ओघात संगीत कोणते *कार्य* करते, यावरून ते केलेले आहे: आणणे, नेणे, मोडणे, निवळवणे, भरणे. संगीत पात्राच्या मनाचे चित्र काढते अशी कल्पना येथे नाही. पात्राच्या बाहेरून येऊन ते त्याच्या मनाच्या चालीत हस्तक्षेप करते. गेममधील संगीताचे स्थानही नेमके हेच आहे. ते पात्राला ऐकू येत नाही, खेळणाऱ्याला ऐकू येते; आणि खेळणाऱ्याच्या प्रत्येक कृतीनंतर त्याला आणणे, मोडणे, भरणे यांपैकी काहीतरी करावे लागते.

४

मराठी संगीत नाटकाने संगीत पात्राच्या बाहेरून उचलून थेट त्याच्या तोंडी दिले. या परंपरेत वऱ्हाडाचा वाटा मोठा आहे, आणि त्याचा आरंभ ज्याला आज 'परकी चाल' म्हटले गेले असते तिथूनच होतो. अकोल्यात शालेय शिक्षण घेतलेले आणि पुढे तेथेच वकिली सुरू केलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी 'वीरतनय' (१८९६) या नाटकापासून पारशी-उर्दू रंगभूमीवरच्या चाली मराठी पदांत आणल्या. त्या चाली कोठून आल्या हे आज कोणी विचारत नाही. त्या नाट्यसंगीताच्या कुळात मिसळून गेल्या. मोबाइलमधल्या धुनेचे कूळ विचारणाऱ्यांनी ही वंशावळ एकदा चाळून पाहावी.

तथापि नाट्यपदांविषयीही भाबडेपणा नको. पद पात्राच्या तोंडी आले म्हणजे त्याचे द्वंद्व आपोआप व्यक्त झाले, असे होत नाही. 'एकच प्याला' (१९१९) हे आत्मनाशाकडे ओढल्या जाणाऱ्या मनाचे मराठीतले सर्वांत प्रखर नाटक. पण त्यातील झगडणारे मन, म्हणजे सुधाकर, लक्षात राहतो तो गद्याने. पदे मुख्यतः सिंधूच्या वाट्याला आली, आणि सिंधूच्या मनात निष्ठेविषयी संदेह नाही. जेथे संघर्ष होता तेथे भाषण, आणि जेथे भाव स्थिर होता तेथे गाणे, अशी ही वाटणी झाली. बहुसंख्य नाट्यपदे द्वंद्व गात नाहीत. द्वंद्वाचा निकाल लागल्यावरचा भाव गातात.

याला मोठा अपवाद आहे, आणि तोही विदर्भाशी बांधलेला आहे. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ साली जितेंद्र अभिषेकींच्या संगीतासह रंगभूमीवर आले. त्यात खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका केली ती अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे १९२० साली जन्मलेल्या वसंतराव देशपांडे यांनी. वसंतरावांचे गाणे म्हणजेच खाँसाहेबांचे अंतरंग, असे या नाटकाविषयी नेहमी म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. खाँसाहेब गातात तेव्हा ते आपल्या घराण्याच्या अभिमानाशी एकरूप असतात. तेथे द्वंद्व नाही, प्रतापच आहे. द्वंद्व आहे ते ऐकण्यात. राजगायकाला मिळणाऱ्या कट्यारीने एक खून माफ आहे. आपली विद्या चोरून शिकलेल्या सदाशिवावर ती उगारण्याचा अधिकार खाँसाहेबांना आहे, आणि समोर सदाशिव गातो आहे. हातात कट्यार, कानात सूर. घराण्याचा पुरुष हाताला एक सांगतो. गवयाचा कान दुसरेच सांगतो. त्या क्षणी खाँसाहेब काही गात नाहीत आणि प्रेक्षकाला त्यांचे मन सर्वांत अधिक ऐकू येते.

यातून निघणारा निष्कर्ष असा: संगीत आंतरद्वंद्व व्यक्त करते ते पात्राच्या भावाचे अनुकरण करून नव्हे, तर पात्राच्या कृतीला प्रतिपक्ष होऊन. हात आणि कान यांच्यात अंतर पडले की तेथे अंतरंग निर्माण होते.

५

आता हाच निकष गेमला लावून पाहावा. फुमितो उएदा यांच्या दिग्दर्शनाखाली २००५ साली आलेला 'शॅडो ऑफ द कोलॉसस' हा जपानी गेम. संगीत को ओतानी यांचे. वाँडर नावाचा एक तरुण मृत मुलीचा देह घोड्यावर घेऊन निषिद्ध प्रदेशात येतो. ती पुन्हा जिवंत व्हावी यासाठी सोळा महाकाय प्राण्यांना मारण्याची अट त्याला घातली जाते. त्या विस्तीर्ण प्रदेशातून तो घोडा दौडवीत जातो तेव्हा संगीत जवळजवळ नाही. वारा आणि टापा एवढेच. महाकायाशी गाठ पडली की संगीत सुरू होते, आणि खेळणारा त्याच्या अंगावर चढून वरचढ ठरू लागला की ते आवेशपूर्ण, जवळजवळ विजयी होते. अखेरचा घाव बसतो. दुसऱ्या कोणत्याही गेममध्ये येथे जयघोष झाला असता. येथे तो आवेश अकस्मात तुटतो आणि शोकाची संथ धून वाजू लागते. तो डोंगराएवढा जीव हळूहळू कोसळतो, आणि ज्याने त्याला मारले तोही पाठोपाठ कोसळतो.

वाँडर या सर्व काळात जवळजवळ काही बोलत नाही. त्याला पश्चात्ताप झाला, असे कोणी सांगत नाही. तलवार खेळणाऱ्याच्या हातात आहे. तिने पुढचा महाकाय मारल्याशिवाय कथा सरकत नाही. आणि प्रत्येक वधानंतर कान सांगतो की जे घडले ते जिंकणे नव्हे. हे सोळा वेळा घडते. आधीच्या आवेशाला मोडणारी ही आक्षेपिकी आहे, आणि तिच्यामागून प्रासादिकी येत नाही. मन निवळविण्याची सोय जाणूनबुजून काढून घेतली आहे. खाँसाहेबांच्या हातून कट्यार चालत नाही. येथे तलवार चालवावीच लागते. दोन्ही ठिकाणी रचना मात्र एकच आहे.

तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर येथे मिळते. गेममधल्या पात्राला आयते अंतरंग नसते हे मान्य. पण कृती आणि श्रुती यांच्यातील विरोधाने ते घडविले जाते, आणि ते ज्या जागी घडते ती जागा खेळणाऱ्याची असते. बाहुल्याला मन नाही म्हणून तक्रार करणाऱ्याने दोरी कोणाच्या हातात आहे याकडे पाहिलेले नाही.

६

नाकारणाऱ्यांइतकाच समाचार घेतला पाहिजे तो कौतुक करणाऱ्यांचा. अलीकडे गेमच्या संगीताविषयी उत्साहाने बोलणारा एक तरुण अभ्यासकवर्ग तयार होत आहे. त्याची पद्धत ठरलेली आहे: पात्र दुःखी, धून दुःखी, म्हणून करुण रस, पात्र लढते, नगारे वाजतात, म्हणून वीर रस. ही समीक्षा नव्हे, हे चिठ्ठ्या चिकटविणे आहे. धून पात्राच्या भावाशी तंतोतंत जुळत असेल तर तेथे द्वंद्व नाही, दुजोरा आहे.

येथे बा. सी. मर्ढेकरांचा लयविचार उपयोगी पडतो. संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांपैकी मराठी समीक्षेने संवादाचा वापर सैल हाताने केला, आणि विरोधाकडे बहुधा अलंकाराच्या पातळीवरच पाहिले. मर्ढेकरांची तत्त्वे एकाच माध्यमातील घटकांच्या संघटनेसाठी आहेत. हाताची कृती आणि कानावरचा स्वर अशा दोन भिन्न घटकांना ती लावणे हा त्या विचाराचा विस्तार आहे, याची जाणीव ठेवूनच ते करावे लागेल. पण तसे केले तर एक प्रश्न नेमका विचारता येतो: धून आणि कृती यांच्यातील विरोध समतोलाकडे जातो की नाही, आणि जात असेल तर कोणी काय गमावल्यावर?

२०१८ साली आलेल्या 'सेलेस्ट'चे संगीत लीना रेन यांचे. मॅडलिन नावाची, भीतीच्या झटक्यांनी ग्रासलेली एक तरुणी पर्वत चढू पाहते. वाटेत एका आरशातून तिचेच एक रूप बाहेर पडते आणि 'तुला हे जमणार नाही' म्हणत तिचा पाठलाग करते. पियानोच्या मृदू स्वरांनी ओळखीचे झालेले ध्वनिविश्व या रूपाच्या प्रवेशाबरोबर इलेक्ट्रॉनिक ध्वनींनी विस्कटते. पुढे मॅडलिन त्या रूपाला हरवीत नाही, त्याच्याशी समेट करते; आणि त्या समेटानंतर खेळणाऱ्याच्या हाताला पूर्वी नसलेली एक झेप मिळते. शिखराकडच्या शेवटच्या चढणीत टप्प्याटप्प्याने भरत जाणारे संगीत आनंदाचे वाटते, ते केवळ त्याच्या स्वरांमुळे नव्हे. पूर्वी जो हात कानाच्या विरोधात होता तो आता कानाबरोबर चालू लागला आहे, हे खेळणाऱ्याला बोटांत जाणवते. विरोधाकडून समतोलाकडे झालेली ही वाटचाल आहे, आणि 'शांत रस' अशी चिठ्ठी लावून ती हाती लागणार नाही.

उलट उदाहरणही घराजवळचेच आहे. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी' हा गेम २०२० साली आला. हरण झालेल्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी, भारतीय मिथके, ग्रीक संगीतकार लिनोस त्झेलोस यांचे भारतीय वाद्यरंग खुलविणारे संगीत, असा सगळा संभार त्यात आहे आणि तो देखणा आहे. परंतु राजीविषयीचा विश्वास आणि शंका दुर्गा आणि विष्णू यांच्या संभाषणात वाटून दिलेल्या आहेत. संशय देवांनी शब्दांत बोलून टाकल्यामुळे संगीताकडे मुख्यतः वातावरण उभे करण्याचे काम उरते. सुधाकराचे द्वंद्व गद्यात गेले, राजीचे निवेदनात गेले. स्वर भारतीय असणे आणि स्वराने विरोध करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचा अभिमान दुसरीच्या अभावावर पांघरूण घालू शकत नाही.

७

एक शेवटचा प्रश्न उरतो, आणि येथे परंपरेशीही भांडावे लागते. भट्टनायकाचे साधारणीकरण प्रेक्षकाला त्याच्या खाजगी सुखदुःखांतून सोडविते. अभिनवगुप्त रसविघ्नांची चर्चा करताना स्वतःच्या सुखदुःखात गुरफटलेपण हे एक विघ्न मानतो, आणि गीतवाद्ये ही त्यावरची योजना म्हणून सांगतो. म्हणजे नाट्यातील संगीत प्रेक्षकाला स्वतःचा विसर पाडते. ओतानींची शोकधून नेमके उलट करते. ती खेळणाऱ्याला आठवण करून देते की घाव *त्याने* घातला. तो अश्रू ढाळून मोकळा होऊ शकत नाही, कारण पुढचा घावही त्यालाच घालावयाचा आहे. आस्वादाला पुरेसा असणारा सिद्धांत जबाबदारीला अपुरा पडतो, हे मान्य केल्यावाचून गेमच्या संगीताचा विचार पुढे जाणार नाही. सिद्धांत अपुरा पडतो म्हणून विषयच क्षुद्र ठरविण्याची चाल सोपी आहे. ती आजवर पुष्कळदा खेळली गेली आहे.

सुदैवाने, ऐकणारा आणि करणारा एकच असतो अशा संगीताची ओळख अकोल्याला करून द्यावी लागत नाही. कावडीपुढचा ढोल कोणी बसून ऐकण्यासाठी वाजवीत नाही. गांधीग्रामपासून निघालेल्या माणसाचा खांदा म्हणतो थांब; ढोल म्हणतो चल. तो माणूस आपल्या थकव्याचे गाणे गात नाही, त्याच्या वतीने दुसरे कोणी गात नाही, आणि तरीही त्याच्यात चाललेली ओढाताण त्या गल्लीतल्या प्रत्येकाला ढोलावरून कळते. लोकसंस्कृतीच्या सदरात या ढोलाची नोंद करणाऱ्यांनी त्याचे वजन, घडण आणि वाजविणाऱ्यांची परंपरा लिहून ठेवली. खांदा आणि ढोल यांच्यातील विरोध मात्र नोंदवहीच्या रकान्यांत बसला नाही.

म्हणून मराठी विभागांपुढचा प्रश्न गेमला अभ्यासक्रमात जागा द्यावी की नाही, हा नाही. अभ्यासक्रमात जागा मिळाल्याने कोणताही विषय वाचला आहे असे दिसत नाही. प्रश्न ऐकण्याचा आहे. ओट्यावरच्या मुलाला आपण काय ऐकतो हे सांगण्यासाठी आज जे शब्द उपलब्ध आहेत, ते 'मस्त', 'बोअर' आणि काही इंग्रजी तांत्रिक संज्ञा एवढेच आहेत. आक्षेपिकी, अंतरा, लेहरा, विरोध, समतोल हे शब्द त्याच्याच भाषेत असून त्याच्यापर्यंत पोहोचलेले नाहीत; आणि ज्यांच्याजवळ ते आहेत, त्यांनी त्याच्या कानातला सूर ऐकण्याचे नाकारले आहे. मिरवणूक ओट्याजवळ येते तेव्हा तो मुलगा मोबाइल खाली ठेवून ढोलाकडे पाहतो. तेवढी सवड त्याने काढली. त्याच्या हातात काय आहे आणि कानात काय वाजते आहे, हे विचारण्याची सवड आता समीक्षेने काढावयाची आहे.